शब्दांशी ओळख : ‘अक्वायर’ म्हणजे काय?



‘शब्दांशी ओळख’ या सदरात या वेळी एक जड इंग्रजी क्रियापद घेतलं आहे. त्याचं नाव ‘अक्वायर’. ‘गो’, ‘कम’, ‘ईट’, ‘गेट’ ही घरातली क्रियापदं. ती दिवसातून दहादा भेटतात. ‘अक्वायर’ हे कचेरीतलं क्रियापद आहे. पाठ्यपुस्तकात ते फारसं दिसत नाही. मग ते का घेतलं? तर आपल्या कर्जत-खालापूर भागात हा शब्द कागदावरून निघतो तो सरळ शेताच्या बांधावर येऊन उभा राहतो. म्हणून तो आपल्याला नीट माहीत हवा.

लेख जरा मोठा आहे. एका मधल्या सुट्टीत संपणार नाही. दोन-तीन दिवसांत वाचा. चौथीच्या खालच्या मुलांना सातवीच्या ताई-दादांनी वाचून दाखवावा.

१. स्पेलिंग आणि उच्चार

स्पेलिंग असं : ए, सी, क्यू, यू, आय, आर, ई. उच्चार ‘अक्वायर’. यातला ‘सी’ वेगळा ऐकू येत नाही, म्हणून लिहिताना तो हमखास राहून जातो. एक खूण लक्षात ठेवा : ‘क्यू’च्या आधी ‘सी’ आणि नंतर ‘यू’. क्यू मध्ये, दोन्ही बाजूंना दोन राखणदार.

त्याची रूपं अशी. आज करतो : अक्वायर. काल केलं : अक्वायर्ड. करत आहे : अक्वायरिंग. आणि त्या क्रियेचं नाव : अक्विझिशन. हे शेवटचं रूप मोठ्यांच्या कागदांवर जास्त सापडतं.

२. साधा अर्थ

शब्दकोशात अर्थ दिलेला असतो : मिळवणे, प्राप्त करणे, संपादन करणे. पण ‘गेट’ म्हणजेही मिळवणेच. मग फरक काय?

फरक असा. ‘गेट’ कशालाही चालतं. पेन मिळालं, मार मिळाला, पत्र मिळालं, सगळीकडे ‘गेट’. ‘अक्वायर’ मात्र अशा गोष्टींना लावतात ज्या मिळवायला वेळ लागतो, कष्ट पडतात किंवा रीतसर काहीतरी करावं लागतं, आणि मिळाल्यावर त्या आपल्याकडे टिकून राहतात. कर्जत स्टेशनवर वडापाव घेतला तर ‘आय अक्वायर्ड अ वडापाव’ असं कुणी म्हणत नाही. म्हटलं तर ऐकणारा हसेल. वडापाव टिकतो किती वेळ? पण ‘शी अक्वायर्ड द स्किल ऑफ स्विमिंग’ हे बरोबर. पोहणं एकदा अंगात आलं की जन्मभर जात नाही.

हे क्रियापद सकर्मक आहे. म्हणजे त्याला कर्म लागतंच. नुसतं ‘ही अक्वायर्ड’ म्हणून वाक्य संपत नाही. काय अक्वायर केलं ते सांगावं लागतं. कुणाकडून ते सांगायचं असेल तर ‘फ्रॉम’ हा शब्द येतो.

नेहमी जोडीनं येणारे काही शब्द पाहा :

नॉलेज अक्वायर करणे म्हणजे ज्ञान मिळवणे.

स्किल अक्वायर करणे म्हणजे कसब अंगी आणणे. आजोबांना टोपली विणताना बघून बघून तुम्ही विणायला लागलात, ते हे.

हॅबिट अक्वायर करणे म्हणजे सवय लागणे. चांगलीही आणि वाईटही. तंबाखूची सवय जन्मतः कुणाला नसते, ती अक्वायर केलेली असते.

‘अक्वायर्ड टेस्ट’ म्हणजे हळूहळू आवडायला लागलेली चव. लहानपणी कारल्याची भाजी ताटाच्या कडेला सारणारा मुलगा मोठेपणी तीच मागून घेतो, त्याला असं म्हणतात.

एड्स या रोगाच्या इंग्रजी नावातला पहिला ‘ए’ हा ‘अक्वायर्ड’चाच आहे. तिथे त्याचा अर्थ : जन्माबरोबर शरीरात नसलेला, बाहेरून आलेला दोष.

कंपन्यांच्या बातम्यांतही हा शब्द येतो. एअर इंडिया ही कंपनी जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ मध्ये सुरू केलेल्या विमानसेवेतून वाढली. १९५३ मध्ये सरकारने ती आपल्याकडे घेतली. जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाने ती सरकारकडून परत विकत घेतली. दोन्ही वेळा इंग्रजी वर्तमानपत्रांत क्रियापद एकच बसतं : ‘अक्वायर्ड’. फक्त घेणारा आणि देणारा यांनी जागा बदलल्या.

भाषा शिकण्याच्या बाबतीतही हा शब्द वापरतात. घरात जी भाषा बोलतात, मग ती ठाकरी असो, कातकरी असो, आगरी असो, ती तुम्हांला कुणी पाटीवर शिकवली नाही. आईच्या मांडीवर ऐकत ऐकत ती आली. अशा येण्याला भाषेचे अभ्यासक ‘अक्वायर’ म्हणतात. शाळेत धडे गिरवून आलेल्या भाषेला ते ‘लर्न’ म्हणतात. तेव्हा घरची बोली ही तुमची पहिली कमाई आहे. तिची लाज कशाला?

३. आपल्या लेण्यातला बलक

आता जरा आपल्या लेण्यांकडे चला. कोंडाण्याची लेणी राजमाचीच्या पायथ्याला, जंगलात आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खूंसाठी ती खडकात कोरली. सहलीला आपण सगळे जातो, धबधब्याखाली भिजतो आणि परत येतो. पण चैत्यगृहाजवळ एका मूर्तीच्या अवशेषापाशी ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख कोरलेला आहे. त्याची भाषा प्राकृत आहे. त्याचा अर्थ असा : कण्हाचा अंतेवासी बलक, त्याने हे केलं.

अंतेवासी म्हणजे गुरूच्या जवळ राहून शिकणारा शिष्य. त्या लेखात क्रियेचा शब्द आहे ‘कतं’. आपण म्हणतो ‘केलं’. आणि नाव आहे ‘बलकेन’, म्हणजे ‘बलकाने’. दोन हजार वर्षं झाली तरी वाक्याची ठेवण आपल्याला परकी वाटत नाही : बलकाने केलं.

आता हे आपल्या शब्दात बसवू. बलकाने दगड कोरण्याचं कसब कण्हाकडून घेतलं असं मानलं, तर इंग्रजीत म्हणता येईल : बलक अक्वायर्ड द स्किल फ्रॉम कण्ह. या वाक्यातली एक गंमत लक्षात घ्या. बलकाला कसब मिळालं, पण कण्हाचं काही कमी झालं का? नाही. गुरूजवळ होतं तेवढं राहिलंच, वर शिष्याकडेही आलं. ज्ञान, कसब, सवय, भाषा यांचं असंच आहे. घेणाऱ्याला मिळतं आणि देणाऱ्याचं जात नाही.

जमिनीचं तसं नाही. जमीन एकाने अक्वायर केली की दुसऱ्याची ती गेली. क्रियापद तेच, पण आता एका बाजूला मिळणं आहे आणि दुसऱ्या बाजूला जाणं. या लेखात सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे.

४. मराठीत काय म्हणायचं?

मराठीत या क्रियापदाला चांगला शब्द आहे : संपादन करणे. ‘ज्ञान संपादन केले’, ‘विश्वास संपादन केला’ असं आपण लिहितो. आणि जमिनीचं संपादन म्हणजे भूसंपादन. म्हणजे इंग्रजीप्रमाणे मराठीतही विद्येला आणि जमिनीला एकच शब्द आहे.

आपल्या भित्तिपत्रकाला संपादक मंडळ आहे ना? तो संपादकही याच कुळातला. संपादन म्हणजे एखादं काम सिद्धीला नेणं, तयार करून हाती आणणं. तुमचे लेख गोळा करून, तपासून, शुद्धलेखन सुधारून अंक तयार करतो तो संपादक. तेव्हा ‘संपादक’ आणि ‘भूसंपादन अधिकारी’ ही दोन पदं एका घरातली, कामं मात्र वेगळी.

मागे एकाच्या आजोबांनी शाळेच्या पायरीवर मला एक कागद दाखवला. कागद मराठीत होता, पण वर मथळ्यात इंग्रजीही होतं. म्हणाले, “बाई, पोरगा सांगतो संपादन म्हंजे मिळवणं. मग आमाला काय मिळनार?” पोराने अर्थ बरोबर सांगितला होता. शब्दकोशात तोच आहे. फक्त कोण मिळवणार आणि कुणाचं जाणार, हे शब्दकोश सांगत नाही. ते वाक्यातला कर्ता सांगतो. कर्ता शोधल्याशिवाय क्रियापदाचा अर्थ लागत नाही, हे व्याकरणाच्या तासाला मी तुम्हांला नेहमी सांगते, ते याचसाठी.

आणि सरकारी वाक्यात नेमका कर्ता सापडत नाही! ‘द लँड इज अक्वायर्ड’, ‘जमीन संपादित करण्यात येत आहे’. कोण करतंय? वाक्यात नाही. याला कर्मणी प्रयोगाची रचना म्हणतात. ती वापरणं चूक नाही, पण वाचणाऱ्याने लगेच विचारायचं : कुणाकडून? बलकाचं वाक्यसुद्धा कर्मणीच आहे. पण त्याने ‘बलकेन’ हा शब्द गाळला नाही. कुणी केलं ते दगडावर लिहून ठेवलं.

५. कायद्यातलं ‘अक्वायर’

सरकारला रस्ता, धरण, रेल्वे, शाळा, दवाखाना यांसाठी जमीन लागते. मालक खुशीने विकायला तयार असेल तर साधं खरेदीखत होतं. तयार नसेल तरी, लोकांच्या उपयोगाचं काम असल्यास कायद्याने ठरलेली रीत पाळून आणि मोबदला देऊन सरकार जमीन घेऊ शकतं. कायद्यात ‘अक्वायर’चा अर्थ हा आहे. ‘बाय’ म्हणजे विकत घेणे, त्यात दोघांची मर्जी लागते. कायद्यातल्या ‘अक्वायर’मध्ये मालकाची मर्जी असेलच असं नाही. हा फरक अधोरेखित करून ठेवा.

आपल्या राज्यघटनेत अनुच्छेद ३००-अ आहे. त्यात सांगितलं आहे की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. म्हणजे सरकारनेसुद्धा ‘आम्हाला हवी, म्हणून घेतली’ असं म्हणून चालत नाही. कायदा दाखवावा लागतो.

असा मोठा कायदा इंग्रजांनी १८९४ मध्ये केला. तो भूसंपादन कायदा जवळजवळ १२० वर्षं चालला. १ जानेवारी २०१४ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला. तो संसदेने २०१३ मध्ये केला, म्हणून त्याला २०१३ चा कायदा म्हणतात. त्याच्या लांबलचक नावात ‘वाजवी भरपाई’, ‘पारदर्शकता’ आणि ‘पुनर्वसन’ हे शब्द आहेत. नावातच फरक कळतो.

जमीन कशासाठी हवी, त्याला कायद्यात ‘सार्वजनिक प्रयोजन’ म्हणतात. म्हणजे लोकांच्या उपयोगाचं काम. आपल्याकडची उदाहरणं बघा. पनवेल-कर्जत लोकलच्या नव्या मार्गासाठी या भागात जमिनी घेतल्या. उल्हास नदीवर कोंढाणे धरण योजलं. ते आधी पाटबंधाऱ्याचं, म्हणजे शेतीच्या पाण्याचं धरण म्हणून पुढे आलं होतं. नंतर ते सिडकोकडे गेलं, आणि नवी मुंबईच्या बाजूला वाढणाऱ्या वस्तीला पाणी हा हेतू आला. दोन्ही सार्वजनिक प्रयोजनंच. तहान शहरालाही असते. पण जमीन ज्या गावाची आहे त्याला ‘प्रयोजन कोणतं आणि कुणाचं’ हे स्पष्ट कळायला हवं, एवढं तुम्हीही म्हणाल.

६. ‘अक्वायर’च्या बहिणी

आता शब्दाच्या कुळाकडे वळू. ‘अक्वायर’ हा शब्द जुन्या रोमन लोकांच्या लॅटिन भाषेतून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी जो धातू आहे त्याचा अर्थ आहे शोधणे, विचारणे. त्याच धातूपासून आणखी शब्द झाले, आणि ते तुम्हांला माहीत आहेत :

क्वेश्चन म्हणजे प्रश्न.

इन्क्वायरी म्हणजे चौकशी. एस.टी. स्टँडवर ती खिडकी असते.

रिक्वायर म्हणजे गरज असणे.

रिक्विझिशन म्हणजे अधिग्रहण. याच्याबद्दल पुढे सांगते.

बघा, ‘अक्वायर’ आणि ‘क्वेश्चन’ या सख्ख्या बहिणी. मिळवण्याच्या मुळाशी विचारणं आहे. पण कायद्यात ही दुसरी बहीण फार उशिरा आली. ती कशी आली ते ऐका.

१८९४ च्या मूळ कायद्यात, ‘ही जमीन घेऊच नका’ अशी हरकत मालकाने घ्यावी आणि ती ऐकली जावी, असं कलमच नव्हतं. किमतीबद्दल भांडता येई, पण घेण्याबद्दल विचारणा नव्हती. त्याच काळात टाटांची वीजकेंद्रं आपल्या भागात उभी राहत होती. घाटावर पाणी अडवायचं आणि नळांतून खाली सोडून वीज करायची, अशी योजना. खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये. तिसऱ्या योजनेसाठी पुणे जिल्ह्यात मुळशीला धरण ठरलं. मावळातल्या भाताच्या जमिनी आणि गावं पाण्याखाली जाणार होती. शेतकऱ्यांनी एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी झाले. सेनापती बापट हे नाव त्यांना याच लढ्याने दिलं. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला. शेवटी धरण झालं. मुळशीचं पाणी घाट उतरून आपल्या रायगड जिल्ह्यातच, भिऱ्याला येतं आणि तिथे वीज होते.

हा लढा चालू असतानाच, १९२३ मध्ये, कायद्यात दुरुस्ती होऊन हरकतीचं कलम आलं. मालकाने तीस दिवसांत हरकत द्यावी आणि अधिकाऱ्याने ती ऐकावी. ही पहिली विचारणा.

पुढचं उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यातलं. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई परिसरातल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. या लढ्यातून पुढे एक तत्त्व मान्य झालं : जेवढी जमीन घेतली, तिच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायची. नुसती घेऊन मोकळं व्हायचं नाही.

आणि २०१३ च्या कायद्याने विचारणा आणखी वाढवली. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के कुटुंबांची आधी संमती लागते. सरकार आणि खाजगी कंपनी यांच्या भागीदारीतलं काम असेल तर ७० टक्के. सरकारच्या स्वतःच्या कामाला संमतीची अट नाही, पण हरकत ऐकावी लागते. १८९४ ते २०१३ म्हणजे ११९ वर्षं. ‘अक्वायर’च्या घरी ‘क्वेश्चन’ला जागा मिळायला एवढा काळ लागला, आणि तीही लोकांनी मागितली म्हणून.

७. सारखे वाटणारे, पण वेगळे शब्द

संपादन : मालकी बदलते. सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. त्याआधी फेरफाराची नोंद होते.

अधिग्रहण : मालकी बदलत नाही. गरजेपुरता, काही काळ उपयोग घेतात. निवडणुकीला जीपगाड्या घेतात, टंचाईत एखाद्याची विहीर गावाच्या पाण्यासाठी घेतात, ते अधिग्रहण. काम झालं की वस्तू परत. हिंदीत मात्र भूसंपादनालाच ‘भूमी अधिग्रहण’ म्हणतात. त्यामुळे टीव्हीवरची हिंदी बातमी ऐकून घोटाळा होतो. मराठी कागदावर हे दोन शब्द वेगळे वाचा.

ताबा : वस्तू प्रत्यक्ष कुणाच्या हातात आहे ते. मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा असू शकतो.

खरेदी : दोघांच्या मर्जीने, ठरलेल्या किमतीला, नोंदणी करून झालेला व्यवहार. आपल्याकडे शहरातले लोक शेतघरासाठी जमिनी घेतात, ती खरेदी. तिथे ‘नाही’ म्हणायचा हक्क पुरा आपला असतो.

हा शेवटचा फरक फार कामाचा आहे, बरं का. कधी कधी एखादा दलाल घरी येतो आणि म्हणतो, “काका, तुमची जागा अक्वायर होणार आहे. सरकार काही देणार नाही. आत्ताच मला विकून टाका.” इंग्रजी शब्द ऐकून माणूस बिचकतो आणि सही करतो. अशा वेळी एकच विचारायचं : “नोटीस कुठंय?” संपादन तोंडी होत नाही. त्याला राजपत्रात आणि वर्तमानपत्रात अधिसूचना लागते.

८. कागद कसा वाचायचा?

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी तुम्हीच पहिले वाचणारे आहात. आजी-आजोबा कागद तुमच्या हातात देतात. तो नुसता घडाघडा वाचून दाखवू नका. प्रश्न विचारत वाचा. प्रश्न सहा :

(१) कोण? कोणतं खातं किंवा कंपनी जमीन मागते आहे? खाली सही कुणाची आहे? प्रांतसाहेबांची की आणखी कुणाची?

(२) कोणता कायदा? सगळी संपादनं एकाच कायद्याने होत नाहीत. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे आणि एमआयडीसी यांचे वेगळे कायदे आहेत. कायद्याचं नाव आणि कलम वहीत उतरून घ्या.

(३) काय? गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र. हे आकडे सातबाऱ्याशी ताडून बघा. झाडं, विहीर, घर यांची नोंद आहे का?

(४) कशासाठी? प्रयोजन काय लिहिलं आहे?

(५) किती दिवस? २०१३ च्या कायद्यात पहिली अधिसूचना निघाल्यावर हरकत देण्यासाठी ६० दिवस असतात. हरकत लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं कागदावर राहत नाही.

(६) बदल्यात काय? मोबदल्याचं गणित आपल्या वर्गात सुटेल असं आहे. जमिनीची बाजारभावाने किंमत काढतात. ग्रामीण भागात तिला राज्याने ठरवलेल्या गुणकाने गुणतात. तो एक ते दोन यांच्या दरम्यान असतो. घर, झाडं, विहीर असतील तर त्यांची किंमत मिळवतात. जी बेरीज येईल तेवढीच आणखी रक्कम ‘दिलासा रक्कम’ म्हणून देतात. समजा, किंमत १० लाख आणि गुणक दीड, आणि जमिनीवर दुसरं काही नाही. १० गुणिले दीड म्हणजे १५ लाख. दिलासा आणखी १५ लाख. एकूण ३० लाख. हे फक्त समजण्यासाठी घेतलेले आकडे आहेत.

अधिसूचना लावायची कुठे, हेही कायद्यात आहे. राजपत्रात, दोन दैनिकांत (त्यांतलं एक प्रादेशिक भाषेतलं), आणि स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीत व तहसील कार्यालयात. म्हणजे ‘इंग्रजीत होतं, कळलं नाही’ अशी वेळ येऊ नये, याची सोय कायद्याने केली आहे. मराठीतला कागद मागणं हा उद्धटपणा नाही, तो हक्क आहे.

आणखी एक. ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांचं काय? आपल्या वाड्यांवरच्या कितीतरी कुटुंबांचा हा प्रश्न आहे. २०१३ च्या कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या शब्दात नुसते मालक धरलेले नाहीत. संपादनाआधी तीन वर्षं त्या जमिनीवर ज्यांचं पोट मुख्यतः अवलंबून होतं ते शेतमजूर, कुळं आणि कारागीरही त्यात येतात. वनउपजावर जगणारेही येतात. त्यांनीही आपलं नाव यादीत आहे का ते बघायला हवं. नाव नसेल तर मुदतीत लेखी सांगायला हवं.

धरण नको की हवं, रस्ता नको की हवा, हे मी इथे सांगत नाही. ते गावाने ग्रामसभेत बोलावं. शाळेचं काम एवढंच की जो बोलेल त्याला शब्दाचा अर्थ ठाऊक असावा. ‘अक्वायर’ हा शब्द दिसला की त्याच्या बहिणीला, ‘क्वेश्चन’ला, हाक मारायची. मग शब्द कितीही जड असो, तो आपल्याला दाबत नाही.

९. स्वाध्याय

(अ) ‘गेट’, ‘बाय’ की ‘अक्वायर’? योग्य क्रियापद निवडा : दुकानातून मीठ आणलं, दोन वर्षांत तबला वाजवायला शिकलो, सरकारने रस्त्यासाठी जमीन घेतली, मामाचं पत्र मिळालं.

(आ) पुढील वाक्यांत कर्ता घाला : ‘झाडे तोडण्यात आली.’ ‘विहीर अधिग्रहित करण्यात आली.’ ‘सूचना देण्यात आली.’

(इ) घरच्या मोठ्यांकडून आपल्या शेताचा गट नंबर विचारा. सातबारा असेल तर त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते पाहा. आजीचं, आईचं नाव आहे का?

(ई) ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेला कोणताही एक कागद वाचा. त्याला वरचे सहा प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहा. जे उत्तर कागदात सापडलं नाही त्याच्यापुढे रिकामी जागा ठेवा. सोमवारी ती वही घेऊन या. रिकाम्या जागांची यादी करून आपण ग्रामसेवकांना विचारायला जाऊ.